लंबूला धरणाऱ्यांचा बंदोबस्त

चिरंजीव भाऊजींस,

मोठ्या वहिनीचे आशीर्वाद. (सत्तरी ओलांडलीत तरी माझ्याहून धाकटे ते धाकटेच, तेव्हा चिरंजीव म्हटलं म्हणून नाक मुरडू नये.) तुमचा गुडघा, जाऊबाईंची कंबर आणि तुमच्या बाथरूममधला गीझर, या तिघांपैकी सध्या कोण चालू आहे आणि कोण बंद, ते सविस्तर कळवावं. आमच्याकडे सगळे बरे. डॉक्टरने माझं मीठ बंद केलं, म्हणून मी डॉक्टर बंद केला. तेव्हापासून दोघांच्याही जिवाला स्वस्थता आहे.

पत्राला कारण काहीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पाकीट फोडतानाच तुम्ही जाऊबाईंना म्हणाला असाल, "वहिनीचं पत्र, म्हणजे काहीतरी काम निघालं." तसलं काही नाही. तुम्ही बास्केटबॉलच्या नियम समितीवर बसलेले आहात, आणि मुद्दाम केलेल्या फाउलचा नियम बदलायचा की नाही यावर तिथे लवकरच मतदान आहे, एवढं मला पेपरातून कळलं. पण त्याचा आणि या पत्राचा काडीचाही संबंध नाही. मी आपली घरच्या चार गोष्टी लिहिते आहे. माझी शाळा तिसरीत सुटली (शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद तेव्हाही मिटला नव्हता), तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घ्या. जन्मभर रेफरी म्हणून दुसऱ्यांच्या चुकांवर शिट्ट्या फुंकल्यात, या पत्रावर तेवढी फुंकू नका.

तर आमचा लंबू. तुमच्या पुतण्याचा मुलगा, म्हणजे तुमचाही नातूच. तुम्ही त्याला शेवटचा पाहिलात त्यानंतर तो आणखी वाढला आहे. आता घरातल्या प्रत्येक दारातून तो नमस्कार घातल्यासारखा वाकून येतो, त्यामुळे आल्यागेल्याला वाटतं काय संस्कार आहेत पोरावर! पलंगाला पायाकडून एक ट्रंक जोडली आहे, तिच्यावर त्याचे पाय झोपतात. त्याची आई शिवणकाम करते म्हणून निभावलं, नाहीतर या मुलाच्या पँटी कोणत्या दुकानात मिळाल्या असत्या? आमच्या वेळी खेळल्याबद्दल मार मिळायचा, याला पगार मिळतो. मोठ्या क्लबात आहे, टीव्हीवर दिसतो. उडी मारतो, धावतो, समोरच्याने फेकलेला चेंडू हवेतल्या हवेत थोपटून परत पाठवतो (चुकीच्या पत्त्याचं टपाल पोस्टमनने परत करावं तसा). सगळं येतं. फक्त फाउल झाल्यावर ते दोन फुकटचे फेके मिळतात ना, ते येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय येण्यासारखं आहे? मीही तेच म्हणते. समोर कोणी उभं नाही, कोणी हात आडवा घालत नाही, सगळं स्टेडियम श्वास रोखून बसलंय, आणि आमचा बाळ रेषेवर उभा राहून चेंडू असा फेकतो की कधी तो फळीवरून पलीकडे, कधी रिंगच्या खालून, आणि एकदा तर फरशी पुसायला बसलेल्या माणसाच्या थेट मांडीत. (त्या माणसाने तो नीट पुसून परत दिला. मला त्या दिवशी एवढ्या लोकांत तोच एक शहाणा वाटला.)

मग समोरच्या संघांना अक्कल आली. सामना संपत आला आणि आपण मागे असलो की लंबूला जाऊन धरायचं. हातात चेंडू असो नसो, तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून घाम का पुसत असेना, जाऊन मिठी मारायची. शिट्टी वाजते, घड्याळ थांबतं, लंबूचे दोन फेके वाया जातात आणि चेंडू यांच्या ताब्यात. पुन्हा खेळ सुरू, पुन्हा मिठी. जिन्यात अडकलेलं कपाट पाहिलं आहे ना तुम्ही? पुढेही सरकत नाही, मागेही येत नाही, आणि चारजण नुसते "जरा डावीकडे, जरा डावीकडे" म्हणत उभे. शेवटची मिनिटं अगदी तशी व्हायला लागली. मग कोचने लंबूला शेवटी बाकावर बसवायला सुरुवात केली. आणि मग क्लबचा मॅनेजर म्हणाला की ऐन वेळी ज्याला बाकावर बसवावं लागतं, त्याचा करार पुढच्या वर्षी कशाला वाढवायचा? बाक तर आमच्याकडे आधीपासूनच आहे, त्यावर ठेवायला माणूस कशाला पाळू?

घरात सुतक पडल्यासारखं झालं. सूनबाईची शिवणयंत्राची सुई दिवसाला एक मोडायची. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला जायचा आणि चुकीच्या मजल्यावर उतरायचा. कारण लंबूला दुसरं काही येत नाही हो. त्याच्या मापाचं दुसरं कामच नाही जगात. बल्ब बदलून देणे, एवढंच.

या मिठ्या मारणाऱ्यांत एक खास होता. खांदे दाराएवढे, मान नाहीच, आणि चेहरा मात्र नुकत्याच उठलेल्या बाळासारखा. त्याला मी मिठीवाला म्हणायचे. एका सामन्यात त्याने लंबूला सोडलंच नाही. मी पहिल्या रांगेत, खेळाडूंच्या घरच्यांसाठी खुर्च्या असतात तिथे बसले होते. एकदा सोसलं, दोनदा सोसलं. पुढच्या मिठीला मी थर्मास खाली ठेवला आणि सरळ आत गेले. (आत म्हणजे त्या चकचकीत लाकडी फरशीवर. चप्पल काढूनच गेले, हे कोणी लक्षात घेत नाही.) मिठीवाल्याच्या दंडाला धरलं आणि विचारलं, "काय रे, आईने हेच शिकवलं का? दुसऱ्याच्या पोराला असं घुसमटवायचं?"

तो म्हणाला, "आईने नाही आजी, कोचने शिकवलंय." आणि एवढं बोलताना त्याने लंबूला सोडलं नव्हतं, बरं का! माणूस कामाला चोख.

तेवढ्यात तुमच्या जातीतला एक आला, डोक्याला जेल फासलेला रेफरी, आणि फुर्रकन शिट्टी. मला वाटलं मिठीवाल्यावर वाजवली. तर ती माझ्यावर! संघाच्या बाजूचा माणूस मैदानात आला म्हणून आमच्याच संघाला दंड, आणि त्यांना एक फुकटचा फेका. तो त्यांनी घातला, आणि सामना आम्ही नेमके तेवढ्यानेच हरलो. घरी आलो. सूनबाईने सूप वाढताना माझ्याकडे बघितलं नाही, वाडग्याकडेही नाही. लंबू तेवढा म्हणाला, "आजी, मला धरणारे सगळे मिळून जे करू शकले नसते, ते तू एकटीने केलंस." मी म्हटलं, सूप पी, निवतंय.

आणि दोन दिवसांनी दारात कोण? मिठीवाला. हातात केक. "आजी, मनात राग नको," म्हणाला. मी म्हटलं आत ये, चपला तिथे काढ, आणि कोणाला हात लावू नकोस. जेवायला बसवला. बटाटे संपवले, पाव संपवला, अंडी संपवली, आणि मग रडकुंडीला येऊन बोलायला लागला. "आजी, मला खेळायला घेतच नाहीत. धरायला घेतात. ठरलेले फाउल भरले की मी बाहेर. या हंगामात माझ्या हाताला चेंडूच लागला नाही." त्याची आई प्रत्येक सामना टीव्हीवर बघते म्हणे, आणि शेजारणींना बोलावून दाखवते, "तो बघा माझा मुलगा, तो त्या उंच मुलाला मिठी मारतोय ना, तो. फार प्रेमळ आहे."

आता सांगा भाऊजी, शिव्या तरी कोणाला घालायच्या? दोन धडधाकट जवान, दोघांनाही खेळायचा पगार, आणि दोघेही खेळत नाहीत. एक धरतो, एक धरून घेतो. याला तुम्ही लोक डावपेच म्हणता. आमच्याकडे याला सार्वजनिक नळावरचं भांडण म्हणतात, आणि त्याचं तिकीट कोणी काढत नाही.

मिठीवाला गेल्यावर माझ्या मुलाला युक्ती सुचली. (लिफ्टचा मेकॅनिक आहे, त्याच्या युक्त्या सुरुवातीला वर जातात, मग मध्येच अडकतात.) तो म्हणाला, लिफ्टचं दार पुन्हा पुन्हा आपटून बघितल्याशिवाय आम्ही लिफ्ट पास करत नाही, तसं याला घरातच एवढं धरूया की धरल्याचं त्याला काही वाटूच नये. झालं! मागच्या अंगणात कोठीच्या भिंतीवर रिंग लागली. घरचा नियम ठरला: लंबूला घरात कुणीही, कधीही, कुठेही धरावं. धरलं की त्याने अंगणात जाऊन दोन फेके टाकायचे. आणि वर मी आणखी एक कलम घातलं, की त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून बघायला गेलंच पाहिजे. कारण सामन्यात लोक टक लावून बघतात, तर घरीही बघायला हवं. हे कलम माझं. ते कोणाच्या गळ्यात पडणार आहे हे मला ठाऊक असतं, तर मी जीभ चावली असती.

पहिले काही दिवस मौज आली. लंबू चहा घेऊन निघाला की मुलगा मागून झडप घालायचा. लंबू दात घासताना मी त्याच्या कमरेला विळखा घालायचे (माझा हात तिथवरच पोचतो). समोरचा न्हावी दाढीचा साबण हातावर तसाच ठेवून एकदा रस्ता ओलांडून आला, लंबूला धरलं आणि म्हणाला, माझाही हातभार. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने अंगणात येऊन फेके बघत उभं.

मग एके दिवशी मी सूनबाईला चादरींबद्दल काही सांगायला बसले. काही विशेष नाही, चादरीची घडी टोकाला टोक लावून घालावी, बोळा करून कपाटात कोंबू नये, आणि हे मी ती लग्न होऊन आली तेव्हापासून सांगते आहे, एवढंच. मी जरा कुठे रंगात येतेय, तोच तिने शांतपणे कात्री खाली ठेवली, उठली, आणि लंबूला मिठी मारली. तो कोपऱ्यात उकडलेलं अंडं सोलत उभा होता, त्याचा कशात हात नाही, पाय नाही. पण नियम म्हणजे नियम. सगळे अंगणात. दोन फेके. परत येईपर्यंत माझा धागा तुटलेला. मी कुठे होते? चादरीवर होते की उशीवर? तोवर तिचं यंत्र पुन्हा खडखडायला लागलं होतं.

मला वाटलं, योगायोग. पण दुसऱ्या दिवशी मी फ्रीजमधल्या झाकण नसलेल्या भांड्यांचा विषय काढला, आणि पुन्हा मिठी. तिच्या आईच्या फोनचा विषय काढला, मिठी. मी नुसता घसा खाकरला तरी मिठी! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, ही बाई हरायला लागली की घड्याळ थांबवते! बायकोने गळक्या नळाचं विचारलं की मुलगाही लंबूला धरायला लागला. आणि लंबूने तर कहर केला. त्याला मी म्हटलं खोली आवर, तर दोन्ही हातांनी स्वतःलाच कवटाळून म्हणाला, "आजी, मी मलाच धरलं," आणि निघाला अंगणात. घरात सलग कोणाला बोलता येईना. मी तर भांडण सुरू कसं करायचं तेच विसरत चालले.

शेवटी स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती आमची नियम समिती बसली. (तुमच्याकडे बिस्किटं मिळतात म्हणे. आमच्याकडे पाणी.) मी म्हटलं, कोणी बोलत असताना लंबूला धरायचं नाही. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही सारख्याच बोलत असता. मग सराव कधी करायचा?" मी म्हटलं, बरं, धरेल त्याने त्या दिवसाची भांडी घासायची. तर मुलगा एकदम खुशीत! भांडी घासताना नळाचा आवाज असतो, बायको काय म्हणते ते ऐकू येत नाही. मग मी शेवटचा पत्ता टाकला: सहज धरलं तर माफ, मुद्दाम धरलं तर दंड. तेव्हा सूनबाईने डोळे असे मोठे केले आणि म्हणाली, "म्हणजे? आईने आपल्या मुलाला मायेने जवळ घ्यायचं नाही?" आणि तिथल्या तिथे घेतलं जवळ. सगळे अंगणात.

तेव्हापासून माझ्या मनात तुमच्या समितीबद्दल थोडी दया उत्पन्न झाली आहे. पेपरात लिहिलंय की तुमच्या नव्या नियमात, चेंडू हातात नसलेल्याला मुद्दाम धरलं तर समोरच्या संघातला कोणीही चांगला नेमबाज एक फेका टाकेल आणि वर चेंडूही त्यांनाच परत. म्हणजे धरण्यात फायदाच राहणार नाही. दिसायला झकास आहे. पण मुद्दाम कशाला म्हणायचं, हे शिट्टीला कळतं का हो? आमच्या सूनबाईला आणा एकदा तुमच्यासमोर. चाळीस वर्षं शिट्टी फुंकून पांढरे झालेले तुम्ही, पाच मिनिटांत तिच्याकडून उलट माफी मागून घरी जाल.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. मुलाने रिंग लावली ती अंतर अगदी फूटपट्टीने मोजून. आणि मोजून झाल्यावर असं निघालं की फेके टाकायची रेषा येते नेमकी स्वयंपाकघराच्या दारावरच्या पत्र्याखाली. तुम्हा-आम्हाला काही नाही, पण लंबूने हात वर केले की पत्र्यावर धाडकन. शेजारचं कुत्रं भुंकायचं, माझ्या दुपारच्या झोपेचं वाटोळं. मी म्हटलं, रिंग हलव. तर म्हणे हलत नाही, लिफ्टचे बोल्ट ठोकलेत, आता भिंत पडेल पण रिंग पडायची नाही. सांगितलं ना, युक्त्या मध्येच अडकतात. मग लंबू काय करणार? पत्रा वाचवायला गुडघ्यात वाकला, चेंडू दोन्ही हातांनी पायांच्या मधून घेतला, आणि बादलीतलं पाणी अंगणात भिरकावतात तसा खालून वर सोडला. पहिल्यांदा दोरीवरचे माझे परकर गेले. हळूहळू परकर वाचायला लागले. मग चेंडू रिंगला लागून आत पडायला लागला. मग न लागताच. कोणाच्याही ध्यानात आलं नाही, कारण तोवर आम्ही सगळे अंगणात उभे राहून आपापल्या अर्धवट राहिलेल्या भांडणाचा पुढचा मुद्दा आठवत असायचो.

हंगामातला शेवटचा सामना मिठीवाल्याच्याच संघाशी. आमच्या दुसऱ्या उंच खेळाडूचा पाय मुरगळलेला, म्हणून कोचला शेवटी लंबूला मैदानात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मॅनेजर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. या सामन्यावर पुढच्या वर्षाचं ठरणार, हे त्याने सांगितलं नव्हतं, पण त्याची घडीच सांगत होती. (मला सूनबाई आणि मुलाने दोन्ही बाजूंनी धरून बसवलं होतं. त्याला फाउल नाही.)

आली मिठी. शिट्टी. लंबू रेषेवर. लोकांसमोर लाज वाटली त्याला, पोर वरूनच फेकायला गेला, आणि चेंडू गेला फळीच्या मागे. मॅनेजरने घड्याळ बघितलं. दुसऱ्या फेक्याला लंबूने हात वर नेले, वर बघितलं, आणि भाऊजी, शपथेवर सांगते, त्या एवढ्या उंच छताखाली त्याने पत्रा असल्यासारखं डोकं खाली घातलं. गुडघ्यात वाकला. चेंडू पायांमध्ये. सगळं स्टेडियम फिदीफिदी हसलं. माझ्या मागचा एक तर खुर्चीवर उभा राहून हसत होता. चेंडू वर गेला, आणि रिंगला न शिवता आत. मी मागे वळून त्याला म्हटलं, "हस की! थांबलास का?"

मग पुन्हा मिठी, पुन्हा खालून, पुन्हा आत. एखाददुसरा चुकलाही, मी काही खोटं लिहिणार नाही. पण ते धरत गेले आणि हा घालत गेला, आणि त्यांच्या कोचला हे लक्षात यायला एवढा वेळ लागला की तोवर मिठीवाल्याचे फाउल भरले आणि तो बाकावर जाऊन संत्रं सोलायला लागला. धरायची सवय लागली की सुटत नाही हो, फायदा संपला तरी हात जातोच. आम्ही जिंकलो! सूनबाई आनंदाने रडली आणि मला मिठी मारली. (कुठे जायचं आता, अंगण तर तिथे नव्हतं. मी तशीच उभी राहिले. तिला केसांना कसलं तरी बरं तेल मिळालंय, विचारायला हवं.) लंबूने मला उचलून खांद्यावर घेतलं. वरून सगळ्यांची टकलं दिसतात. मॅनेजरचंही. तो हात चोळत आला आणि म्हणाला, याला ठेवायचाच. बाकीचे संघ याला सवयीने धरत राहणार आणि हा फुकटचे गुण आणत राहणार, दुभती गाय आहे ही. क्लबचे मालक परदेशी गेलेत, महिनाअखेरीला आले की करारावर सही.

तर असं सगळं आनंदात चाललं आहे. तुमच्या नियमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिसरी शिकलेल्या बाईने समितीला काय सांगावं? जाऊबाईंना कंबरेला गरम कपड्याचा शेक घ्यायला सांगावं आणि गीझरला चांगली लाथ घालावी. उलट असं करू नये.

तुमची,
मोठी वहिनी

ता. क. आता एवढं लिहिलंच आहे तर एक बारीकसं काम. मतदानात तुम्ही नियम बदलण्याच्या विरुद्ध हात वर करा. नियम बदलला तर लंबूला कोण धरणार? आणि कोणी धरलं नाही तर मॅनेजर दुभत्या गाईचं काय करणार, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ता. क. दुसरा. मी तिकीट शोधायला उठले तेवढ्यात लंबूने पत्र वाचलं. हे वरचं खोडून टाक म्हणाला. (पेनाने लिहिलंय, कसं खोडू?) म्हणाला, "आजी, नियम बदलू दे. मला खेळायचंय गं. रेषेवर उभं राहून चेंडू टाकायला मी काय विहिरीवर पाणी शेंदतोय? मला धावायचंय, उडी मारायचीय. आणि त्यालाही एकदा चेंडू हातात घेऊ दे, त्याची आई किती दिवस मिठ्याच बघणार?" मी म्हटलं, उद्या पुन्हा बाकावर बसलास तर? म्हणाला, धरलंच नाही कोणी, तर बसवतील कशाला? आणि नेमकं तेव्हा घरातलं कोणी मला वाचवायला त्याला धरेना. तेव्हा हात नियमाच्या बाजूने वर करा. मीही तसं लिहिलं असंच समजा.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. नियम खुशाल बदला, पण या बैठकीत नको. मालकाची सही महिनाअखेरीला आहे आणि तुमचं मतदान त्याच्या आधी. सही होण्याआधी नियम बदलला तर मॅनेजर पुन्हा हाताची घडी घालील. एकदा सही झाली की लंबू खेळून दाखवील, त्याची काळजी नाही. म्हणून तेवढी एक बैठक पुढे ढकलायची आहे. सूनबाई या कामातली जाणकार, तिला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणते, सुरुवातीला मागच्या बैठकीत काय ठरलं ते सगळं वाचून दाखवायला सांगा. मग "मुद्दाम" म्हणजे नक्की काय, असं निरागस तोंड करून विचारा, दुपारचं जेवण त्यातच येईल. तरीही मतदानावर आलेच, तर चहाचा कप कागदांवर कलंडू द्या. तुमचा हात म्हातारपणाने थरथरतो, कोण काय म्हणणार? जन्मभर दुसऱ्यांचे फाउल मोजलेत, भाऊजी, एक स्वतः करून बघा, रक्ताभिसरण सुधारतं. आणि समजा पकडलेच गेलात, तर समितीला दंड म्हणून दोन फुकटचे फेके देऊन टाका. त्या म्हाताऱ्यांचे कुठे आत जातायत!